सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही



मोटार चालू न होण्याचे ढोबळ मानाने तीन प्रकार असतात आणि आज मी त्यांतल्या एकाबद्दलच बोलणार आहे. पहिल्या प्रकारात किल्ली फिरवली की काहीच होत नाही. दिवे मंद, हॉर्न घोगरा. हा बहुधा बॅटरीचा आजार. दुसऱ्या प्रकारात 'टक' असा एकच आवाज येतो किंवा 'टकटकटक' असा येत राहतो, पण इंजिन जागचं हलत नाही. इथं बॅटरी, तिची सैल झालेली किंवा पांढरी बुरशी चढलेली टर्मिनलं, नाहीतर सेल्फ, म्हणजे स्टार्टर, यांच्यातच कुठंतरी दोष असतो. हे दोन्ही प्रकार त्रासाचे खरे, पण स्वभावाने सरळ. तिसरा मात्र बेरकी. सेल्फ जोरात फिरतो, त्याच्याबरोबर इंजिनही फिरतं, 'खुर्रर्र खुर्रर्र' आवाज येत राहतो, पण इंजिन काही पकडत नाही. किल्ली सोडली की सगळं शांत.

कराडला महामार्गालगत माझं गॅरेज आहे. चाळीस वर्षं होत आली. पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या आणि चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढून येणाऱ्या गाड्या आमच्या वाट्याला येतात. एवढ्या वर्षांचा माझा अनुभव असा, की या तिसऱ्या प्रकारात माणसं सगळ्यांत जास्त पैसे विनाकारण घालवतात. इंजिन उघडावं लागतं म्हणून नव्हे. नीट तपासण्याआधीच पार्ट बदलायला सुरुवात होते म्हणून.

मुळात पुष्कळांचा असा समज असतो, की सेल्फ फिरला म्हणजे गाडी चालू व्हायलाच पाहिजे. वास्तविक सेल्फचा आणि इंजिन चालण्याचा संबंध फार थोडा वेळ असतो. पूर्वी इंजिन हाताने हँडल मारून फिरवावं लागे. हँडलने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन तंत्रज्ञाने विजेवरचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीला तो बसवला गेला. आपल्याकडच्या जुन्या अँबॅसिडर आणि जीपगाड्यांबरोबर मात्र हँडल पुढंही कितीतरी वर्षं असायचं. तेव्हा सेल्फ म्हणजे विजेवर चालणारं हँडल, एवढंच लक्षात ठेवा. तो इंजिनाला मिनिटाला साधारण २०० ते २५० फेरे देतो. तेवढ्या वेळात इंजिनाने स्वतःची आग स्वतः पेटवायची आणि सातशे-आठशे फेऱ्यांवर स्थिर व्हायचं.

ती आग पेटायला काय लागतं? पेट्रोलच्या गाडीबद्दल आधी बोलू. हवा लागते, पेट्रोल लागतं, ठिणगी लागते आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जावं लागतं. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. प्लगच्या जेमतेम एक मिलिमीटरच्या फटीतून ठिणगी उडायला वीसेक हजार व्होल्टचा दाब लागतो. आणि या सगळ्या गोष्टी ठरल्या वेळी व्हायला लागतात. गॅसच्या शेगडीवर लायटर मारला आणि नंतर कॉक उघडला तर काय होईल? तसंच इथं. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, पण वेळ चुकली तर सगळं व्यर्थ.

हवेचा प्रश्न सहसा येत नाही. फिल्टर कितीही घाण झाला तरी गाडी दम टाकत का होईना, चालू होते. (एकदा मात्र एका गाडीच्या हवेच्या नळीत उंदराने भुईमुगाच्या शेंगांचं कोठार केलेलं निघालं होतं. पण ते अपवादच.) तेव्हा खरा तपास उरतो तो पेट्रोल, ठिणगी आणि दाब यांचा. आणि त्याची सुरुवात बॉनेट उघडून करायची नसते. ड्रायव्हरच्या सीटवर बसून करायची असते.

किल्ली 'ऑन' करा, पण सेल्फ मारू नका. आता ऐका. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच असतो. किल्ली ऑन केली की तो साधारण दोन सेकंद चालतो आणि थांबतो. मागच्या सीटखालून 'गुंऽऽ' असा बारीक आवाज येतो. रोज तो येतच असतो, आपलं लक्ष नसतं. घरी गेल्यावर आज रात्री शांततेत एकदा ऐकून ठेवा, म्हणजे अडचणीच्या वेळी तो आहे की नाही ते कळेल. आवाज नसेल तर फ्यूज, रिले, पंपाची वायर आणि मग पंप, या क्रमाने जायचं. फ्यूज काही रुपयांचा, पंप काही हजारांचा. काही गाड्यांना अपघाताच्या धक्क्याने पेट्रोल बंद करणारा एक स्विचही असतो. रस्त्यावरच्या मोठ्या खड्ड्याने तो कधीमधी उडतो. त्याचं बटण दाबलं की काम झालं. तो कुठं आहे हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतं. पण पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढायचं नाही असा आपल्याकडे रिवाजच आहे.

मग समोरचे दिवे बघा. किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र असलेला दिवा लुकलुकत असेल, तर गाडीने तुमची किल्ली ओळखलेली नाही. किल्लीच्या डोक्यात एक चिप असते. ती ओळखली गेली नाही तर कित्येक गाड्यांत सेल्फ खुशाल फिरतो, पण इंजिनाला पेट्रोल आणि करंट मिळत नाही. अशा वेळी दुसरी किल्ली लावून बघावी. बाजारातून नुसती दात पाडून आणलेली किल्ली दार उघडेल, सेल्फही फिरवेल, पण इंजिन चालू करणार नाही.

पेट्रोलचा काटा बघा हे सांगताना मला संकोच वाटतो. पण सांगतो, कारण काटेही अडकतात. विशेषतः सीएनजीच्या गाड्यांत. सीएनजीवर चालणाऱ्या आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्या आधी पेट्रोलवर चालू होतात आणि थोड्या वेळाने आपोआप गॅसवर जातात. काही नव्या गाड्या थेट गॅसवर चालू होतात, त्यांची गोष्ट वेगळी. मालकाला वाटतं, आपली गाडी गॅसची, पेट्रोल कशाला भरायचं? मग टाकीत तळाला दोन लिटर पेट्रोल, तेही आठ-दहा महिन्यांचं शिळं. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असेल तरच थंड राहतो. कोरडा चालला की जळतो. गॅस भरलेला, पंप जळलेला, आणि सेल्फ मारून मारून बॅटरी संपलेली, अशा गाड्या महिन्याला एखादी तरी ओढून आणतात. पाव टाकी पेट्रोल कायम असू द्यावं आणि महिन्यातून थोडं अंतर गाडी पेट्रोलवर चालवावी.

आता सेल्फ मारा आणि पुन्हा ऐका. आवाजातून दाब कळतो, हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं. त्यांच्याकडे मीटर नव्हता, घड्याळही नव्हतं, पण कान होता. चांगलं इंजिन सेल्फवर फिरताना एका लयीत दम घेतं. प्रत्येक सिलिंडर दाबात आला की सेल्फला किंचित जोर लागतो, सुटला की मोकळा होतो. रहाटाला जसा ताल असतो तसा. चारांपैकी एका सिलिंडरचा दाब गेला असेल तर ताल लंगडतो. आणि अजिबात ताल नसेल, शिलाई मशीनचं चाक मोकळं फिरावं तसं 'सुर्रर्र' करत इंजिन नेहमीपेक्षा वेगाने फिरत असेल, तर तिथंच थांबा. टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी. हा पट्टा तुटला की खालचे पिस्टन फिरतात आणि वरचे व्हॉल्व्ह जागेवर थांबतात. पुष्कळ इंजिनांत दोघांची टक्कर होते. पुन्हापुन्हा सेल्फ मारलात तर जे वाचलं असेल तेही वाकेल. गाडी रस्त्यात चालता चालता एकदम बंद पडली आणि नंतर सेल्फचा आवाज असा पोकळ येऊ लागला, तर ओढून न्या. आता पुष्कळ इंजिनांत पट्ट्याऐवजी चेन असते, ती सहसा अशी अचानक तुटत नाही. तुमच्या गाडीत काय आहे ते विचारून ठेवा आणि पट्टा असेल तर सांगितलेल्या किलोमीटरला बदला.

सेल्फ मंद फिरत असेल तर तेही सांगतो. चांगल्या बॅटरीचा दाब बंद गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास असतो. सेल्फ मारताना तो खाली येतो, पण साडेनऊ-दहाच्या खाली जाता कामा नये. गेला तर सेल्फ कसाबसा फिरेल, पण गाडीच्या संगणकाला आणि कॉइलला पुरेशी वीज उरणार नाही. म्हणजे दोष बॅटरीचा आणि सोंग इंजिनाचं. थंडीच्या दिवसांत महाबळेश्वर-पाचगणीला रात्रभर उभ्या राहिलेल्या गाड्या सकाळी हेच नाटक करतात.

आता मी तुम्हाला एका गाडीची गोष्ट सांगतो. सात सीटची पेट्रोल गाडी. तिचा मालक स्वतःच ड्रायव्हर, कोकणातला, गाडीवर बँकेचं कर्ज. त्याच्या शेजारच्या एका काकूंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तो घाट चढून कराडला आणायचा. घाट चढून वर आलं की गाडी बंद पडायची. सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही. पाऊण तास थांबलं की मुकाट चालू. डायलिसिसची वेळ ठरलेली असते. मशीन मोकळं राहिलं तर पुढच्या रोग्याला देतात, मग यांना संध्याकाळपर्यंत बसून राहावं लागे. एकदा तर त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं आणि रात्री काकूंना दम लागला. त्या ड्रायव्हरने तोपर्यंत तीन ठिकाणी गाडी दाखवली होती. एका ठिकाणी पेट्रोलचा पंप बदलला. दुसऱ्या ठिकाणी कॉइल आणि चारही प्लग. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं, की संगणक, म्हणजे ईसीएम, गेला असेल, बदलून बघू. अडतीस हजार आधीच गेले होते. ईसीएमचे आणखी वेगळे.

'बदलून बघू' हे दोन शब्द ऐकले की ग्राहकाने सावध व्हावं. बघायचं आधी असतं, बदलायचं नंतर.

त्या तिन्ही ठिकाणचे मेकॅनिक अडाणी नव्हते, लबाडही नव्हते असं मी म्हणेन. पहिल्याने घाटात गाडी बंद असताना पंप चालतो का पाहिलं होतं. सेल्फ मारताना पंप चालत नव्हता. म्हणून तो म्हणाला, पंप गेला. दुसऱ्याने ठिणगी पाहिली. ठिणगी नव्हती. म्हणून तो म्हणाला, कॉइल गेली. दोघांनी जे पाहिलं ते खरंच होतं. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी का नाहीशा होतात, हा प्रश्न कोणी विचारला नाही. घरात पंखाही बंद आणि दिवाही बंद झाला, तर आपण पंखा आणि दिवा दोन्ही बदलायला घेत नाही. मेन स्विच बघतो.

इंजिनाचा मेन स्विच कुठं? तर क्रँकजवळ बोटाएवढा एक सेन्सर असतो. क्रँकवरचे दाते त्याच्यासमोरून जातात आणि त्यावरून संगणकाला कळतं, की इंजिन फिरतंय, किती वेगाने फिरतंय, पिस्टन कुठं आहे. ही खबर मिळाली तरच संगणक कॉइलला ठिणगी सोडायला सांगतो, नोझलना पेट्रोल सोडायला सांगतो आणि पंप चालू ठेवतो. खबर आली नाही तर त्याच्या लेखी इंजिन उभं आहे. मग तो सुरक्षिततेसाठी पंप बंद ठेवतो आणि ठिणगीही देत नाही. सेल्फ बिचारा फिरत राहतो.

हा सेन्सर इंजिनाच्या अंगाला चिकटलेला असल्याने चांगलाच तापतो. आतली बारीक तार कुठं तुटायला आली असेल, तर तापल्यावर तुटते आणि निवल्यावर पुन्हा जुळते. म्हणूनच घाटात बंद आणि पाऊण तासाने चालू. गॅरेजमध्ये थंड गाडीवर कितीही तपासा, सगळं ठाकठीक.

मी गाडीला हात लावला नाही. त्याला म्हटलं, "मला घेऊन घाट उतर आणि पुन्हा चढ." स्कॅनर जोडून मी शेजारी बसलो. वर आल्यावर गाडी नेहमीप्रमाणे बंद पडली. सेल्फ मारायला सांगितला आणि स्कॅनरवर इंजिनाचे फेरे पाहिले. शून्य. इंजिन डोळ्यांदेखत फिरतंय आणि संगणक म्हणतोय शून्य. बाटलीतल्या पाण्याने फडकं भिजवलं, ते सेन्सरवर धरलं, पाच-सात मिनिटं गेली. पुन्हा सेल्फ. या वेळी आकडा आला, दोनशे दहा. आणि इंजिन पकडलं. सेन्सर आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आतलं काम. जुना पंप आणि जुनी कॉइल त्याने सुदैवाने परत मागून घेतली होती. दोन्ही मी टेबलावर लावून दाखवली. दोन्ही उत्तम चालत होती.

काही गाड्यांत स्कॅनरशिवायही हे थोडंफार कळतं. सेल्फ मारताना फेऱ्यांचा काटा जरा तरी थरथरला तर सेन्सर बहुधा जिवंत. काटा मेल्यासारखा पडून राहिला तर संशय घ्यावा. पण हा पुरावा नव्हे, फक्त इशारा. सगळ्या गाड्यांत तो चालतही नाही.

स्कॅनर हा शब्द आला म्हणून बोलतो. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्याला तो जोडतात. माझ्या वयाचे कितीतरी मिस्त्री त्याला घाबरून धंद्यातून बाहेर पडले. तरुण मुलं त्याच्यावर नको इतका विश्वास ठेवतात. स्कॅनर 'पी ०३३५' असा कोड दाखवतो. त्याचा अर्थ क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष, असा आहे. सेन्सर बदला, असा नाही. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा कनेक्टर, त्याच्या वायरी आणि अर्थ. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरीने हाच कोड येतो. इंजिनावर घासून सोललेल्या वायरीनेही येतो. कोड म्हणजे पत्ता नव्हे, फक्त गावाचं नाव. गल्ली मीटर घेऊन शोधावी लागते. आणि त्या ड्रायव्हरच्या गाडीत तर कोड आलाच नव्हता.

ठिणगी तपासण्याबद्दल एक इशारा. पूर्वी आम्ही प्लगची वायर काढून बॉडीपासून बोटभर अंतरावर धरायचो आणि 'चट्' आवाज ऐकायचो. पॉइंट-कंडेन्सरच्या काळात ते खपलं. आजच्या गाड्यांत असं मुळीच करू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइल आणि संगणक दोन्ही जायची भीती असते. शिवाय सेल्फ मारून मारून पेट्रोलची वाफ साठलेली असते, तिला एक ठिणगी पुरते. हे काम नोझलचे कनेक्टर काढून, ठिणगी तपासण्याचं साधन लावून, माहितगारानेच करावं. हवेच्या नळीत पेट्रोल ओतून गाडी चालू करणारे वीर अजूनही भेटतात. त्यांना गाडीजवळ उभंच करू नये.

वारंवार सेल्फ मारल्याने पेट्रोल जास्त होऊन प्लग ओले होणं, हाही एक नेहमीचा प्रकार. पेट्रोलचा वास येतो त्यावरून कळतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून ठेवा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांचा संगणक यावरून समजतो, की पेट्रोल नको, नुसती हवा हवी आहे. प्लग वाळतात, गाडी पकडते. पकडली की पाय लगेच सोडा.

इंधनातलं पाणी पूर्वीही होतं, आता त्याचं रूप बदललंय. २०२५ पासून देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल थोडं पाणी स्वतःत मुरवून घेतं. पण पाणी प्रमाणाबाहेर गेलं, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. पंप शोषतो तो तळातूनच. गाडीत इंधन भरलं आणि थोड्याच अंतरावर ती बंद पडली, तर काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं इंधन काढून पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. दोन थर वेगळे दिसले तर पार्ट बदलण्याआधी टाकी रिकामी करा.

डिझेलच्या गाडीला ठिणगी नसते. तिथं हवा इतकी दाबतात, की ती पाचशे अंशांच्या पुढं तापते आणि डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. म्हणून तिथं दाब आणि डिझेल या दोनच गोष्टी. जुन्या डिझेल गाडीची टाकी एकदा कोरडी पडली, की लाइनमध्ये हवा धरते, आणि हवा काढल्याशिवाय नुसतं डिझेल भरून उपयोग होत नाही. हातपंप मारून, नट सैल करून बुडबुडे जाईपर्यंत थांबायचं. हे एसटीचे जुने ड्रायव्हर झोपेतही करतील. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांत मात्र नळीचा नट सैल करण्याचा उद्योग करू नका. त्या नळीत सेल्फवरसुद्धा दोनशे बारच्या पुढं दाब असतो, आणि इंजिन चालू असताना तो हजारावर जातो. त्या दाबाची चिळकांडी कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणीएवढी जखम दिसते आणि बोट कापायची वेळ येते. ही अतिशयोक्ती नाही. तिथंही स्कॅनरवर दाब वाचायचा. तो पुरेसा चढत नसेल तर फिल्टरपासून मागं शोधत जायचं.

कोणतीही गाडी असो, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि दोन वेळांमध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. तीन-चार प्रयत्नांत पकडली नाही तर थांबा आणि विचार करा. आणि गॅरेजमध्ये काम टाकताना दोन गोष्टी लिहून घ्या. कोणती तपासणी केली आणि तिचा निकाल काय आला, हे बिलावर असावं. काढलेला पार्ट तुम्हाला परत मिळावा. तपासणीची मजुरी द्यायला मात्र खळखळ करू नका. मला घाटात जायला-यायला अर्धा दिवस लागला. तपासणीचे पैसे कोणी देत नाही, म्हणून तर मिस्त्री पार्ट विकायला लागतात. हा दोष एकट्या मिस्त्रींचा नाही.

आता पावसाचं तेवढं सांगून थांबतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली बुडाली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. दर वेळी पाणी ओसरल्यावर लोकांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल तर किल्ली फिरवली. इथं माझं आजवरचं सगळं बोलणं विसरायचं. ऐकायचं नाही, सेल्फ मारायचाच नाही. बाराशे सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर तीनशे सीसीचा. पिस्टन वर गेल्यावर तिथं उरते ती जागा साधारण तेहतीस सीसी. म्हणजे दोन मोठे चमचे. तेवढ्याहून जास्त पाणी आत असेल तर हवा दाबली जाते तसं ते दाबलं जात नाही, आणि पिस्टनचा दांडा वाकतो. सेल्फने नाही वाकला तर धक्का मारल्यावर वाकतो.

बुडालेल्या गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. ऑइलची काडी ओढून बघा. ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल तर पाणी आत गेलंय. हवेचा फिल्टर ओला आहे का बघा. मग मिस्त्रीकडून सगळे प्लग काढून घ्या आणि क्रँकची पुली पान्याने हाताने फिरवा. प्लगच्या भोकांतून पाणी उडतं, म्हणून वर फडकं टाकायचं. पाणी थांबेपर्यंत फिरवायचं, जुनं ऑइल काढून नवं भरायचं, आणि मगच सेल्फ. चिपळूणहून आलेल्या ज्या गाड्यांच्या मालकांनी किल्लीला हात लावला नव्हता, त्यांतल्या बऱ्याचशा गाड्या दोनदा ऑइल बदलून आणि नवे प्लग घालून आमच्याकडे चालू झाल्या. एकीच्या सीटखालून मात्र आठवडाभर चिखल निघत होता.